मातीच्या गड्याला पाणी

बसू, तुला बसवलं तेव्हा मी खड्ड्याच्या उजव्या अंगाला उभा होतो. तुमच्यात माणसाला आडवं निजवत नाहीत, मांडी घालून बसवतात, हे मला ऐकून माहीत होतं. पाहिलं पहिल्यांदाच. कपाळभर विभूती, मांडीवर बेलाची पानं, मान किंचित पुढं. स्वामींचं मंत्र म्हणणं चालू होतं आणि लोक मुठीत माती घेऊन थांबले होते. तेव्हा माझ्या मनात जे आलं ते लिहितानाही लाज वाटते. वाटलं, कुणीतरी याच्या ओठांना लोणी लावा. हा उठेल.

आजूबाजूला तुझे भाऊबंद होते, तुझ्या कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकून मोठी झालेली मुलं होती. माझ्या मनातलं हे वेडं वाक्य ज्याला कळलं असतं असा एकच माणूस तिथं होता, आणि त्याच्यावरच आम्ही माती लोटत होतो. मीही माझी मूठ टाकली.

तुला ठाऊक असलेलंच सांगतो आहे, तरी पहिल्यापासून सांगू दे. मला ते माझ्यासाठी नीट लावून घ्यायचं आहे.

आपण भेटलो तो उमरग्याकडचा सहकारी साखर कारखाना त्या वर्षी थंड पडला होता. लागोपाठ पाऊस नव्हता, शेतात उरलेला ऊस चारा म्हणून जनावरांच्या पोटात गेला होता. मी शेतकी विभागात कारकून. कुणाच्या रानात किती ऊस लागला याची नोंद ठेवायची हे माझं काम, आणि ऊस कुणाच्याच रानात नव्हता. पण बऱ्या दिवसांत संचालक मंडळानं एक कॉम्प्युटर घेऊन ठेवला होता, आणि त्याला ऊन लागू नये म्हणून एक गार खोली केली होती. अख्ख्या कारखान्यात माणसांसाठी तशी खोली नव्हती. देवळात जावं तसं चपला बाहेर काढून आत जायचं. आत तू. मुरुमच्या कापडदुकानदाराचा मुलगा, सोलापुरात कोर्स करून आलेला ऑपरेटर.

मी आलो तो उन्हाला कंटाळून. तू खुर्ची सरकवलीस आणि म्हणालास, "बस की. हितं कोण इचारतंय?"

मी बसलो, पण टेकून बसलो नाही. हा मला आत का घेतो? याला माझ्याकडून काय पाहिजे? आमच्या घरात हा प्रश्न अंगावरचं दूध तुटायच्या आधीच शिकवतात. माझ्या वडिलांना, दादांना, कुणी हसून बोललं की ते घरी येऊन आईला सांगायचे, "आज अमका गोड बोलला. बघू, काय निघतंय त्यातनं." बहुतेक वेळा काहीतरी निघायचंच. म्हणून तुझा चहा मी प्यायचो आणि त्यातून काय निघतं याची वाट बघायचो.

निघाला तो खेळ.

काम नसलेल्या त्या महिन्यांत तू मशीनवर एक गाव वसवलं होतंस. काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं, इंग्रजी लिपीत लिहिलेली आपली मराठी. "गाव कोरडं आहे. आडात पाणगिळ्या बसला आहे. तू कोण?" पाटील व्हावं, सुतार व्हावं, धनगर व्हावं, की कोळीण. मी सुतार निवडायला गेलो तर तू माझा हात धरलास. "आरं, कोळीण हो. तिच्याबिगर मजा न्हाय."

ती मजा तू तुमच्या गावाकडून उचलली होतीस. कर्नाटकाच्या सीमेकडच्या तुमच्या गावांत भाद्रपदात जोकुमार निघतो. कोळणी त्याला मातीचा घडवतात, टोपलीत कडुलिंबाच्या पाल्यावर बसवतात, दारोदार नेतात, बाया त्याच्या ओठांना लोणी लावतात. थोड्या दिवसांनी त्याला परटाच्या दगडावर नेऊन फोडतात. मग पाऊस येतो, म्हणतात. तुझ्या खेळात कोळणीनं ओठांना लोणी लावलं की मातीचा गडी डोळे उघडायचा आणि विचारायचा, "काय करू?" सांगाल ते करायचा. आड खणायचा, माती वाहायचा, दमायचा नाही.

त्याचे सोबती पण होते. कडब्याचा राखण्या होता. त्याच्या कानात शीळ घातली की तो शेत राखायचा, पण उपाशी जनावरं शेत सोडून त्यालाच खायची. दुष्काळी कामावरच्या खडीचा धोंडोबा होता. तो एकदा चालायला लागला की 'थांब' म्हटलेलं त्याला ऐकू यायचं नाही. माझा धोंडोबा एकदा चालत चालत गावाच्या कडेबाहेर गेला आणि मशीनच अडकलं. तू पडद्याकडं बघून गंभीरपणे म्हणालास, "गुलबर्ग्याला गेला आसंल. तिकडं खडीला भाव हाय." मी इतका हसलो की बाहेरच्या पहारेकऱ्यानं दारातून डोकावलं. बसू, मला आठवतं त्यात नोकरीच्या जागी मी तसा मोकळा हसलो ते तेव्हा पहिल्यांदा.

आणि मग एका दुपारी आमचे शेतकी अधिकारी साहेब उकाड्यानं हैराण होऊन आत आले. तू त्यांना खेळ दाखवलास. साहेब लगेच पाटील झाले. तू नियमांचा पडदा उघडलास आणि ते मोठ्यानं वाचायला लागले.

"मातीच्या गड्याला पाणी देऊ नये. मातीच्या गड्यानं उंबरा ओलांडू नये. काम झालं की गडी फोडावा." साहेबांनी मांडीवर थाप मारली. "वा रे पठ्ठ्या! गडी आसावा तर आसा. मागत न्हाय, आत येत न्हाय." आणि त्यांनी माझ्याकडं पाहिलं.

पाहिलं की नाही? बसू, हे मी आजही शपथेवर सांगू शकत नाही. कदाचित ते खिडकीकडं बघत असतील आणि मी मधे बसलो असेन. पण माझ्या कानशिलांतून ऊन गेल्यासारखं झालं. बहात्तरच्या दुष्काळात आई-दादा खडी फोडायला जायचे, मी त्यांच्यामागं. तिथं पिण्याच्या पाण्याचं पिंप होतं. मुकादम बाकी सगळ्यांना पेला द्यायचा. आमच्या रांगेला ओंजळ करायला सांगायचा आणि वरून धार सोडायचा. आई ओंजळीतलं पाणी मला पाजायची आणि दुसऱ्यांदा रांगेत उभी राहायची. आम्ही धम्म घेतलेला, घरातले देव टोपल्यात घालून नदीला सोडलेले, तरी धार वरूनच यायची. आणि आता गार खोलीत, हिरव्या अक्षरांत, माझ्या मित्रानं तोच नियम लिहिला होता.

दुसऱ्या दिवशी मी चपला न काढता आत आलो. तू माझ्या पायांकडं बघितलंस.

"हे नियम कुणी घातले?"

"म्या. कामून?"

"पाणी का देऊ नये?"

"माती हाय ती. इरघळती."

"आणि उंबरा?"

"आत चूल आसती. भाजला की मडकं होतंय त्याचं, मग हलत न्हाय. आरं, सरळ हाय की."

"सरळच आहे. आमच्या आज्यालाबी सरळच सांगायचे."

तुझा चेहरा उतरला. ते आत्ता उमगल्याचं होतं की पकडलं गेल्याचं, हे मी तेव्हापासून ठरवतो आहे. तू विरघळणाऱ्या मातीचा विचार करत होतास हे मला पटतं. मग दुसऱ्या मिनिटाला वाटतं, माती तर खरीच, पण ते तीन नियम एकापाठोपाठ इतके सहज तुझ्या हातून कसे उतरले? तू ते कुठं शिकला होतास? तुझ्या दुकानाच्या ओट्यावर, तुझ्या आजोबांच्या तोंडून, की हवेतूनच? तुला विचारायचं होतं. तुझं उत्तर मला खरं वाटणार नाही अशी भीती होती, म्हणून विचारलं नाही.

तू स्वतःची बाजू मांडली नाहीस. खुर्चीतून उठलास, मला बसवलंस. "तू बदल."

"मला कुठं येतं?"

"शिकवतो की."

आणि शिकवलंस. मी आज जे खातो ते त्या शिकवण्याचं. पुढं धाराशिवला सरकारी कचेरीत मला कॉम्प्युटरवर घेतलं ते तुझ्या त्या दुपारींमुळं. हे मी तुला कधी नीट तोंडानं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तू ते वापरशील, असं वाटायचं. कशासाठी वापरशील ते मला कधीच सुचलं नाही, नुसतं वाटायचं.

मी लिहिलेली पहिली ओळ होती, "गडी पाणी पितो. गडी म्हणतो, आणखी." आणि त्याला थांबवायचं लिहायला मी विसरलो. गडी पीतच सुटला. रांजण संपला, हौद संपला, हिरवी अक्षरं पडद्यावरून धावायला लागली, आणखी, आणखी, आणखी. मी घाबरून कळा दाबत होतो आणि तू पोट धरून हसत होतास. "पिऊ दे रं त्याला. पिढ्यांची तहान हाय."

मी उठून गेलो. किती तरी दिवस तुझ्याशी बोललो नाही. तू टोमणा मारला होतास की तुला सगळं समजलं होतं? तेच वाक्य तू माझी बाजू घेऊन बोलला होतास, असं मला बऱ्याच वर्षांनी, धाराशिवच्या बसस्टँडवर उभं असताना वाटलं. आणि लगेच वाटलं, आपलं मन आता म्हातारं होऊन मऊ पडतंय, म्हणून असं वाटतंय.

तेव्हा घरी दादांना मी हे सांगितलं तर ते म्हणाले, "घरचे देव नदीला सोडले आन तू डब्यातल्या बाहुल्याला पाणी पाजत बसलास व्हय? पगार त्याचा देत्यात का तुला?" तरीही मी परत आलो. चपला काढून आत आलो. तू खुर्ची सरकवलीस. झाल्या भांडणाचा कुणी उल्लेख केला नाही.

नवा पेच तेव्हा उभा राहिला. गडी आता पाणी प्यायचा आणि विरघळायचा नाही. उंबऱ्याच्या आत यायचा, चुलीपाशी बसायचा, भाजायचा नाही. पण तुझ्या खेळात पाऊस यायचा तो गडी फोडल्यावर.

"आता ह्यो माती न्हाय," तू म्हणालास. "मग हाय काय?"

"माणूस."

"माणसाला फोडायचं कसं?"

"फोडायचं नाही."

"आन पाऊस?"

गाव कोरडं होतं, पाणगिळ्या आडात बसून होता आणि गडी चुलीपाशी विचारत होता, "काय करू?"

त्या भाद्रपदात तू मला मुरुमला नेलंस. "खरा बघ की एकदा. नुसतंच भांडतोस." कोळणी टोपली घेऊन तुमच्या दारात आल्या, कन्नड गाणं म्हणू लागल्या. जोकुमार मोठ्या तोंडाचा, डोळे वटारलेला, मला वाटलं होतं त्यापेक्षा खूपच ओबडधोबड. मी ओसरीच्या खाली, अंगणात उभा होतो. ती माझी जागा मीच निवडली होती, कुणी सांगितली नव्हती. तुझी आई, अव्वा, सुपात ज्वारी घेऊन बाहेर आली. लोण्याची वाटी तिच्या दुसऱ्या हातात होती. तिनं दोन्ही हातांकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"मिलिंदा, उभा काय ऱ्हायलास? लोणी लाव त्याला."

मी पुढं झालो. बोटावर लोणी घेतलं आणि त्याच्या ओठांना लावलं. ओली माती बोटाला लागली. कोळीण गाता गाता हसली, तिच्या टोपलीतून लिंबाचा पाला काढून तिनं माझ्या हातात दिला. सगळं इतकं साधं झालं की मला त्याचा राग आला.

परतीच्या एस्टीत मी तुला विचारलं, "अव्वाला तू आधी सांगून ठेवलं होतंस ना?"

"काय?"

"मला लोणी लावायला सांग म्हणून."

तू खिडकीबाहेर बघत हसलास. हो म्हणाला नाहीस, नाही म्हणाला नाहीस. आता तूही गेलास आणि अव्वा तर कधीच गेली. सांगून ठेवलं असशील तर तू चांगला मित्र होतास. सांगितलं नसशील तर ती चांगली बाई होती. यात संशय घेण्यासारखं काय होतं, बसू? दोन्हीकडून मला काहीतरी मिळतच होतं. पण ते कुणी दिलं हे कळल्याशिवाय मला ते घेता येत नव्हतं.

कारखाना पुढं उठलाच नाही. तू मुरुमला क्लास काढलास, मी धाराशिवला आलो. खेळ तू सोडला नाहीस. प्रत्येक नव्या मशीनवर तू तो पुन्हा लिहून काढायचास आणि शेवटाशी अडकलास की मला गाठायचास. लग्नात, मयतीत, येरमाळ्याच्या फाट्यावर एस्टी बदलताना.

"आसं केलं तर? गडी आपणहून म्हणतो, मला फोडा."

"स्वतःहून मरणारा गडी? हे तर जास्तच सोयीचं."

"बरं, मग पाऊस आदी येऊ दे. त्यात तो आपोआप जाईल."

"म्हणजे हात कुणाचेच मळले नाहीत. छान."

"तुला काईच पटत न्हाय राव!"

"तुला पटतं का?"

"न्हाय," तू म्हणायचास, आणि फाट्यावरच्या हॉटेलात भजी मागवायचास.

तुझी प्रत्येक नवी युक्ती मी अशीच उलटी करून, खाली काय लपवलंय ते बघून परत दिली. तुला वाटत असेल मी खेळाची परीक्षा घेतो आहे. मी तुझी घेत होतो. तू कितीदा पास झालास आणि कितीदा मी गुणच दिले नाहीत, याचा आता हिशेब लागत नाही.

तुझा शेवटचा फोन आला तेव्हा मी कचेरीत होतो. तुझा आवाज चढा होता. "सापडलं रं, मिलिंदा! शेवट सापडला. फोनवर सांगणार न्हाय. मुरुमला ये."

मी म्हणालो, "येतो, सवड काढून."

फोन ठेवल्यावर शेजारच्या सहकाऱ्यानं विचारलं, "कोण होतं?" मी म्हणालो, "जुना मित्र. काहीतरी काम असणार." कुणाच्या तरी मुलाला कचेरीत चिकटवायचं असेल, कुठला तरी दाखला लवकर पाहिजे असेल. खेळाचं निमित्त असेल. असा विचार करत मी एक रविवार घालवला, मग दुसरा. यंदाही पाऊस नाही, कचेरीत टँकरची कामं आहेत, असं स्वतःला सांगितलं. कामं होती, ते खरं आहे. रविवारी नव्हती, हेही खरं आहे.

मग दुसरा फोन आला तो तुझ्या पुतण्याचा. सकाळी क्लासचं शटर उचलताना तू खाली बसलास, तो उठलाच नाहीस.

काल तिसऱ्या दिवसाचं सगळं आटोपल्यावर महादेवी वहिनींनी मला आत बोलावलं. मी विचारायचं नाही असं ठरवलं होतं, तरी विचारलं. "वहिनी, तो खेळाचा शेवट काय म्हणत होता, काही बोलला का?"

"मला त्यातलं काय कळतंय, भाऊजी? मशीनवर बघितलं पुतण्यानं. जुनंच हाय म्हणतोय, नवीन काय न्हाय."

म्हणजे एक तर तू अजून लिहिला नव्हतास, किंवा काहीच सापडलं नव्हतं आणि तुला नुसतं मला बोलवायचं होतं. हे दुसरं मनात आलं आणि मला तिथं बसवेना. मी म्हणालो, "मी यायला पाहिजे होतं. तो वाट बघत असेल."

वहिनी पदराच्या टोकाशी चाळा करत होत्या. रडून रडून त्यांचा आवाज बसला होता. म्हणाल्या, "न्हाय, वाट न्हाय बघितली. मी म्हणलं, मिलिंद भाऊजी येणार हायेत तर शेंगाची चटणी करून ठिवू का. तर म्हणले, नगं, तो येत न्हाय इतक्यात. त्याला अजून माझा भरवसा न्हाय." त्यांनी पदराचं टोक सोडलं. "आन हसले. राग न्हाय हो, भाऊजी. लई माया करून हसले."

म्हणजे तुला माहीत होतं. इतकी वर्षं मी ते तुझ्यापासून लपवत होतो, टेकून न बसता बसत होतो, तुझी परीक्षा घेत होतो, आणि तू ते जाणून खुर्ची सरकवत राहिलास. मला कळत नाही याचं काय करायचं. वहिनी माझ्या समाधानासाठी हे बोलल्या असतील, असंही एकदा मनात येऊन गेलं. बघ, गेलं नाही अजून.

मी बदललो आहे असं तुला खोटं लिहिणार नाही. आज तुझा फोन आला असता, मुरुमला ये म्हणाला असतास, तर याचं काय काम असेल, हे पहिल्यांदा मनात आलंच असतं. उमरग्याची एस्टी धरतानाही आलं असतं. तुझ्या ओसरीची पायरी चढतानाही आलं असतं. पण बसू, या वेळी मी ते घेऊन आलो असतो. चपला काढल्या असत्या, तुझ्या समोर टेकून बसलो असतो आणि म्हणालो असतो, सांग. मला पटणार नाही, पण सांग.